शिट्टीमास्तरांचा गुडघा

शिट्टीमास्तरांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि रविवारी ते फुटबॉलच्या सामन्यांत रेफरी असत. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या गळ्यात बांधल्या, म्हणजे नशिबालाही थट्टेचं अंग असणार. दर रविवारी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडायचंच, "अहो मास्तर, दुकानातला एखादा चष्मा लावून तरी या!" ओरडणाऱ्याला वाटायचं की हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सोमवारी तोच विनोदवीर नंबर वाढलाय म्हणून दुकानात यायचा आणि वर ओळखीत काही कमी करा म्हणायचा.

ऑफसाइड कधी नजरेतून सुटला तर सुटला, पण खोटी दुखापत मास्तरांच्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. निदान मास्तरांचं तरी तसं म्हणणं होतं. मैदानात कुणी गुडघा धरून लोळायला लागला की बाकीचे रेफरी धावत जायचे. मास्तर चालत जायचे. त्यांचा एक सिद्धांत होता आणि नव्या रेफरींच्या वर्गात तो सांगताना ते खडू खाली ठेवायचे. "ज्याचं खरंच दुखतं, तो दुखतं तिथे बघतो. ज्याचं दुखत नाही, तो आधी रेफरीकडे बघतो." एवढं बोलून ते थांबायचे. पोरं माना डोलवायची. हा सिद्धांत ताडून कुणी पाहिला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मास्तर पिवळं कार्ड काढायचे, खेळाडू उठून चालायला लागायचा, की झाला सिद्धांत सिद्ध. जे उठायचे नाहीत, त्यांना लोक उचलून मैदानाबाहेर न्यायचे. बाहेर गेल्यावर त्यांचं काय व्हायचं हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे मास्तरांच्या डोक्यातही नव्हतं.

त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. परीक्षेच्या दिवसांत तिच्या वर्गात पोटदुखीची साथ यायची. ती प्रत्येकाला घरी पाठवायची.

"अगं, नाटकं असतात ती," मास्तर म्हणायचे.

"असतात की. पण एखाद्याचं खरं असतं. तो कोणता ते मला कळत नाही, म्हणून सगळ्यांना पाठवते."

"तुला कळत नाही. मला कळतं."

"हो, माहितीये," असं म्हणून ती पुढची वही तपासायला घ्यायची. संसारात इतकी वर्षं काढल्यावर बायका कुठे वाद घालायचा आणि कुठे नुसती वही तपासायची, हे शिकतात.

त्या वर्षी एक आक्रीत घडलं. संघटनेचे सचिव स्वतः दुकानात आले, चार फ्रेमा लावून पाहिल्या, एकही घेतली नाही आणि जाताजाता म्हणाले, "मास्तर, यंदाची फायनल तुमची. तेवढी चाचणी पास व्हा म्हणजे झालं."

मास्तरांना फायनल कधीच मिळाली नव्हती. चिखलात, उन्हात, पंधरा प्रेक्षक आणि दोन कुत्री यांच्यासमोर त्यांनी आयुष्यभर शिट्टी वाजवली, पण फायनल दरवर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी मेव्हण्याला जायची. आता ती आली होती, आणि तीही पन्नाशीच्या उंबऱ्यावर. अडचण एकच. पंचेचाळिशी ओलांडलेल्या रेफरीला दरवर्षी धावण्याची चाचणी द्यावी लागे. नापास झाला की शिट्टी जमा. मग त्याला निरीक्षक करायचे, म्हणजे मैदानाच्या कडेला खुर्ची द्यायचे. खुर्चीत बसून दुसऱ्यांना गुण द्यायचे, उंटावरून शेळ्या हाकायच्या. मास्तर त्या खुर्चीला मनातून घाबरत होते. त्या खुर्चीतून उठून पुन्हा मैदानात आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग मास्तरांनी तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. वर्षभर ज्याचे पाय रविवारखेरीज काउंटरमागून हलले नव्हते, तो माणूस सकाळी उठून तलावाला फेरी मारू लागला. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. आठवडा संपायच्या आत तलावाची फेरी, पुलाचा चढ आणि परत येताना घराचा जिना, असा थाट. पायात तेच जुने बूट, टाचेला एका बाजूनं झिजलेले. शेजारीपाजारी खिडकीतून बघतात हे लक्षात आल्यावर मास्तर त्यांच्या घरासमोरून जरा जास्तच जोरात धावायचे.

गुडघा दुखायला लागला तो असा. उजवा. नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. वाटीच्या मागे, आजूबाजूला, आत कुठेतरी. दाखवायचं म्हटलं तर सगळा तळहात ठेवावा लागायचा. जिना चढताना बरा असायचा, उतरताना कळ. दुकानात स्टुलावर तासभर पाय दुमडून बसलं की उठताना तोंडातून "अं" निघायचं. सगळ्यात वाईट म्हणजे सगळ्यात खालचा खण. स्वस्तातल्या फ्रेमा तिथे होत्या आणि तिथपर्यंत पोचायला उकिडवं बसावं लागे. म्हणून त्या महिन्यात स्वस्त फ्रेम मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर सांगत, "संपल्या हो." हाताच्या उंचीवरच्या महागड्या फ्रेमा मात्र धडाक्यात खपल्या. गुडघेदुखीनं धंदा वाढल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

मास्तरांनी गुडघ्यालाही आपला सिद्धांत लावला. सूज नाही, जखम नाही, कुणी लाथ मारली नाही. मग दुखेल कशाला? त्यांनी मनातल्या मनात गुडघ्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी एक फेरी जास्त मारली.

बायकोला कळायला आठवडाही लागला नाही.

"तुम्ही जिना उलटे का उतरताय?"

"सवय करतोय. रेफरीला उलटं धावावं लागतं."

"कठड्याला धरून?"

मास्तरांनी कठड्यावरचा हात काढला. तिनं पुढे काही विचारलं नाही, पण संध्याकाळी तिचा भाऊ घरी आला, म्हणजे बातमी फुटलेली होती. मेव्हण्याचं ज्ञान अफाट. तो म्हणाला, "गुडघे म्हणजे गाडीचे टायर. जेवढं धावाल तेवढे झिजणार. पडून राहा!" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेल दिलं. त्याला असा वास होता की गिऱ्हाइकं दुकानाच्या दारातूनच नंबर विचारायला लागली. बुटांच्या दुकानदारानं मास्तरांना यंत्रावर चालवलं, गंभीरपणे मान हलवली आणि दुकानातला सगळ्यात महाग जोड समोर ठेवला; चालण्यातला दोष आणि जोडाची किंमत यांचा मेळ त्याच्याकडे नेहमीच बसायचा. गुडघ्यावर चढवायचा पट्टाही आला. पळसाला पानं तीन आणि गुडघ्याला वैद्य घरटी एक.

मास्तर दोन आठवडे पडून राहिले. दुखणं गेलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी तलाव, पूल, जिना, सगळं जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच वेगानं. चौथ्या दिवशी गुडघा परत बोलायला लागला, आणि या वेळी जास्त मोठ्यानं. एव्हाना पडून राहिलेल्या मांड्याही लोण्यासारख्या झाल्या होत्या.

शेवटी बायकोनं हाताला धरून त्यांना फिजिओबाईंकडे नेलं. बाई वयानं मास्तरांच्या निम्म्या, आणि बोलायला दुप्पट.

"सुजतो का, काका?"

'काका' मास्तरांना लागलं. "नाही."

"मध्येच अडकून बसतो का? सरळच होत नाही असं? चालताना दगा देतो? दुखायला लागलं तेव्हा आत काही कट्कन वाजलं होतं?"

"नाही, नाही, नाही. काही लागलेलंच नाही म्हटल्यावर…"

"लागायलाच पाहिजे असं नसतं. धक्का न लागताही गुडघ्यातला बंध तुटतो. नुसतं गर्रकन वळताना. आवाज झाला, काही तासांत टम्म सुजला, की सगळं थांबवून तडक डॉक्टर. तुमचं ते नाही. तुमचं साधं आहे."

'साधं' हा शब्द ऐकल्यावर मास्तरांनी त्याआधीचं सगळं कानाआड केलं. माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुतेक एवढंच ऐकायला.

बाईंनी त्यांना एका पायावर उभं केलं आणि हळूच खाली वाकायला लावलं. मास्तरांचा गुडघा आत झुकला, कंबर एका बाजूला गेली, हात पंख्यासारखे फिरले. बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मांडी आणि कुल्ला कामचुकार आहेत, आणि तुम्ही वर्षभराचं धावणं एका आठवड्यात उरकलंत. भार सगळा वाटीवर. आणि तुम्ही तेल कुणाला चोळताय? गुडघ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मग पडून राहू?"

"तेही नको. पूर्ण थांबलात की स्नायू आणखी झोपतात. कमी करा, बंद नका करू. सपाटीवर, लहान लहान पावलं टाकत, मध्ये चालत. उतार नको, पूल नको. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे, दोन-तीनपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर तुम्ही जास्त केलंत, आपोआप एक पाऊल मागे. आणि व्यायाम चुकवायचा नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, कुशीवर झोपून पाय उचलणं, पायरीवरून सावकाश उतरणं."

"आणि तो पट्टा?"

"बरं वाटत असेल तर घाला. पट्टा धावत नाही, तुम्ही धावता."

"किती दिवसांत बरा होईल?"

"दोन-तीन महिने धरा."

मास्तर हसले. "चाचणी पुढच्या महिन्यात आहे."

"मग पुढे ढकला. मी दाखला देते."

"दाखला दिला की शिट्टी तोवर बंद. फायनल जाईल."

"पुढच्या वर्षीही फायनल असेलच ना?"

"फायनल असेल," मास्तर म्हणाले, "माझं काय?" बाईंनी दाखल्याचं पॅड परत खणात ठेवलं.

दाखला न घेता मास्तर घरी आले. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे त्यांना पाठ होतं. आपल्या घरची मुंगी जरा घाईत असेल एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांनी नेमानं व्यायाम केले, दाराला धरून पायरी उतरले, रोज सकाळी दुखण्याला गुण दिले. गुण देण्याचं काम त्यांना आवडलं. आणि खरोखरच कळ कमी झाली. जिना ते सरळ उतरायला लागले. इथे शहाणा माणूस तसाच पुढे गेला असता. मास्तर पुलावर गेले.

चाचणीच्या आधीच्या रविवारी महिलांचा उपांत्य सामना होता. एका संघात कॉलेजातली एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणायचे. चेंडू घेऊन ती कडेनं निघाली, समोरच्या बचावपटूला चकवायला गर्रकन वळली आणि खाली पडली. बचावपटू अजून दोन हात लांब होती. कुणाचा पाय लागला नाही, हात लागला नाही. ती पडली, मान वर केली आणि सरळ मास्तरांकडे बघितलं. गुडघा धरला तो त्यानंतर.

एवढं स्वच्छ नाटक मास्तरांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ते चालत गेले. पिवळं कार्ड काढलं.

"काका, आत काहीतरी वाजलं," ती म्हणाली.

"ऊठ. खेळ चालू आहे."

ती उठली, एक पाऊल टाकलं आणि परत खाली बसली. तिच्या प्रशिक्षकानं आरडाओरडा केला, दोघींनी तिला खांद्यांचा आधार देऊन बाहेर नेलं. प्रेक्षकांतून आवाज आला, "चष्मा लावा, चष्मा!" मास्तरांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. खरं तर त्या वेळी त्यांचा स्वतःचा गुडघा ठणकत होता आणि उरलेल्या वेळात ते कुणाला दिसू नये, याचीच त्यांना जास्त काळजी होती. सामना संपल्यावर ते पंधरा मिनिटं बूट सोडत बसले, सगळे निघून जाईपर्यंत.

चाचणीच्या दिवशी परीक्षक म्हणून उभा होता मास्तरांचाच पट्टशिष्य. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. मास्तरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा, ते खडू खाली ठेवायचे तेव्हा सगळ्यात जास्त मान डोलवणारा. शिट्टी वाजली की धावायचं, पुढच्या शिट्टीला थांबायचं, पुन्हा धावायचं. धावताना कुणी खरोखर जखमी झाला तर तो नापास धरला जात नसे, त्याला पुन्हा संधी मिळे. या सवलतीमुळे दम संपत आला की हमखास कुणाचा तरी पाय मुरगळायचा. गेल्या वर्षी असे दोघं पकडले गेले होते. पकडणारे अर्थातच मास्तर, स्वतःची चाचणी आटोपून कडेला उभे असलेले.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. मास्तरांनी पट्टा घातला होता, नवे बूट घातले होते आणि छाती पुढे काढली होती. हळूहळू वाटीमागची कळ वाढत गेली. दहापैकी तीन. मग पाच. मग त्यांनी गुण देणं सोडून दिलं. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना वळणावर गुडघ्यात अशी काही चमक मारली की पाय जागच्या जागी दुमडला आणि शिट्टीमास्तर सगळ्यांसमोर धुळीत आडवे झाले.

आणि मास्तरांनी मान वर करून आधी परीक्षकाकडे बघितलं.

हात गुडघ्यावर गेला तो नंतर. आपण काय केलं हे मास्तरांना त्याच क्षणी कळलं, पण बघून झालं होतं. शिष्यानंही ते पाहिलं होतं. तो धावत आला नाही. चालत आला.

"सर, उठा. घड्याळ चालू आहे."

"अरे, खरंच दुखतंय."

शिष्य खाली बघत उभा राहिला. तो उर्मट नव्हता, उलट फार अवघडला होता. आजूबाजूला बाकीचे रेफरी ऐकत होते. "सर, राग मानू नका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे तर काडी त्यांनीच ओढली होती आणि गवतही त्यांनीच रचलं होतं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पाय टेकेना. पुढची शिट्टी वाजली, बाकीचे धावत गेले आणि मास्तर नापास झाले. पुन्हा संधी नाही. फायनल दुसऱ्या कुणाच्या तरी मेव्हण्याला गेली.

घरी बायकोनं 'मी सांगत होते' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटत राहिलं. तिनं पायाखाली उशी दिली आणि विचारलं, "खूप दुखतंय?" कुणीतरी साधं विचारलं एवढ्यानं त्यांचे डोळे भरून आले. गुडघा धरून पडलेल्या एकाही माणसाला इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते फिजिओबाईंकडे गेले. बाईंनी तपासलं, दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं. "तुटलंफुटलं काही नाही. चिडवलाय तुम्ही त्याला. परत पहिल्यापासून." त्यांनी मास्तरांना पायरीच्या ठोकळ्याशी उभं केलं आणि त्या फोन घ्यायला आत गेल्या.

शेजारच्या खाटेवर भिंगरी बसली होती. खाटेला कुबड्या टेकवलेल्या, पाय लांब केलेला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबत होती, सोडत होती. तिचा गुडघा अजून खरबुजाएवढा होता. मास्तरांनी बघून मान फिरवली. मग पुन्हा बघितलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बंध तुटलाय. ऑपरेशन आहे. त्याआधी मांडीत जोर पाहिजे म्हणून हे." ती दाबत राहिली. "मग वर्षभर सुट्टी."

"फायनल?"

"परवा आहे. बघायला जाईन."

मास्तरांनी एक पाय ठोकळ्यावर ठेवला, खाली घेतला, परत ठेवला. लाज वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं. निम्म्या वयाच्या मुलीची माफी मागायची त्यांना सवय नव्हती. खरं तर कुणाचीच नव्हती.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "तुझं खरं होतं."

"हो. मला माहीत होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मास्तर गप्प बसले असते. पण त्यांच्या डोक्यात दोन दिवस एकच गोष्ट फिरत होती आणि विचारायला याहून योग्य माणूस त्यांना मिळणार नव्हता.

"एक सांग. एवढं दुखत होतं, तर आधी माझ्याकडे का बघितलंस?"

भिंगरीनं टॉवेल दाबायचं थांबवलं. शिकल्यासवरल्या माणसानं दोन आणि दोन किती असं विचारावं, तसं तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"काका, शिट्टी तुमच्याकडे होती ना. मग बघायचं कुणाकडे?"